तीन मिनिटांचा थांबा : एका स्वस्तातल्या चीन सहलीचा इतिहास

धुळे-सोलापूर महामार्ग बीडमधून जातो. या रस्त्याने उत्तरेला गेलं की औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिथून पुढे अजिंठा. दक्षिणेला गेलं की तुळजापूर, सोलापूर. आमच्याकडच्या माणसाला हा रस्ता माहीत असतो तो कापसाच्या गाड्या, नवरात्रातले पायी भक्त आणि दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघालेले ऊसतोड टोळ्यांचे ट्रक यांच्यासाठी. चीनशी त्याचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात येत नाही. पण महाराष्ट्र आणि चीन यांच्या नात्यातली दोन सर्वांत मोठी नावं शोधायची झाली, तर ती याच रस्त्याच्या दोन दिशांना सापडतात. एक माणूस चीनमधून निघून महाराष्ट्रात आला आणि परत गेला. दुसरा सोलापूरहून चीनला गेला आणि परत आला नाही.

२०१९ साली आम्ही अंबाजोगाईचे दहा जण चीनला जाऊन आलो. बीजिंग, शिआन, शांघाय, आठ दिवस. सहल स्वस्तातली होती, आणि ‘स्वस्तातली’ म्हणजे नक्की काय हे या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, म्हणून हिशेब सांगतो. दर महिन्याला प्रत्येकी साडेचार हजार, असे दोन वर्षं. भिशीसारखंच, फक्त कुणी मध्ये रक्कम उचलायची नाही. माणशी एक लाख आठ हजार जमले आणि त्यात बसेल अशी सहल शोधली. आमच्यात दोन निवृत्त गुरुजी, एक औषधविक्रेते, तीन शेतकरी, एक एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक आणि बाकी आम्ही नोकरदार. निम्म्या लोकांचा पासपोर्ट या सहलीसाठीच काढलेला.

टोळीने जाण्याची सवय

इतक्या साध्या लोकांनी इतक्या लांब जाणं ही आजकालची गोष्ट आहे, असं वाटतं. पण एकत्र जाऊन खर्च वाटून घेण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. दिंडी म्हणजे तेच. तिच्यात विणेकरी असतो, सामानाची गाडी असते, मुक्कामाची गावं ठरलेली, स्वयंपाकाची पाळी ठरलेली, आणि आधी जमा केलेली वर्गणी. एकट्याला जे परवडत नाही ते शंभर जणांना परवडतं, हे गणित वारकऱ्यांनी कागदावर न मांडता शतकानुशतकं चालवलं.

युरोपात हेच गणित धंदा म्हणून मांडण्याचं श्रेय थॉमस कुकला देतात. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे पाचशे लोकांना लेस्टरहून लफबरोला रेल्वेने नेलं, माणशी एक शिलिंग घेऊन. निमित्त होतं दारूबंदीच्या सभेचं. म्हणजे आधुनिक पर्यटनाची ही सुरुवातसुद्धा एका परीने दिंडीच होती. महाराष्ट्रात गटाने परदेशी जाण्याचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. केसरी टूर्स १९८४ ची, वीणा वर्ल्ड २०१३ ची. मराठी जेवण, मराठी बोलणारा सोबती आणि ठरलेला कार्यक्रम या तीन गोष्टींवर मराठी मध्यमवर्ग जग बघायला बाहेर पडला.

आमच्या जिल्ह्याला गटाने जाण्याचा आणखी एक अनुभव आहे, आणि तो सहलीचा नाही. बीडमधून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, टोळी करून निघायचं आणि उचल फिटेपर्यंत तिकडे राहायचं. आमच्यातल्या एका शेतकरी मित्राचे आईवडील अशाच टोळीत जायचे. बीजिंगच्या विमानतळावर आमची शिरगणती चालू असताना तो म्हणाला, “मुकादम बदलला, बाकी सगळं तेच.” सगळे हसले. पण त्याच्या बोलण्यात एक फरक दडलेला होता. त्याच्या आईवडिलांनी उचल आधी घेतली होती आणि श्रम नंतर केले. त्याने श्रम आधी केले आणि पैसे साठवून मग प्रवास केला. एका पिढीत एवढं अंतर कापलं गेलं. ते बीड ते बीजिंग या अंतरापेक्षा कमी नाही.

रेशमाचं दुकान

स्वस्तातल्या सहलीत खरेदीचे थांबे असतात. रेशमाचं दुकान, चहाचं दुकान, मोत्यांचं दुकान. तिथे तास-दीड तास काढावा लागतो. सहल स्वस्त का पडते याचं एक उत्तर तिथे मिळतं. रेशमाच्या दुकानात कोश उकलून धागा कसा काढतात ते दाखवत होते. आमच्या गुरुजींनी विचारलं, “आपल्याकडे रेशीम चीनचं, हे किती जुनं आहे?”

बरंच जुनं. संस्कृतात ‘चीनांशुक’ हा शब्द आहे, चीनचं वस्त्र. कालिदासाने तो ‘शाकुंतला’त वापरला आहे. त्याच्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका अनामिक ग्रीकभाषी दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात ‘थिना’ नावाच्या देशातून कच्चं रेशीम, धागा आणि कापड बॅक्ट्रियामार्गे बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला येतं असं म्हटलं आहे. आणि त्याच ग्रंथात भडोचला माल पाठवणारी दख्खनमधली दोन मोठी बाजारपेठांची गावं दिली आहेत : पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर, म्हणजे आपलं तेर. नकाशा काढून पैठण आणि तेर यांच्यात रेघ मारली तर ती आजच्या बीड जिल्ह्यातून जाते. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या भागातून गेलेले बैलांचे तांडे आणि चीनमधून आलेलं रेशीम एकाच बंदरात उतरत होतं. चीन आपल्याला वाटतो तितका परका कधीच नव्हता. रोज सकाळी आपण जो ‘चहा’ म्हणतो तो शब्दही मुळात चिनीच आहे.

रेशीम मात्र आमच्यापैकी कुणी घेतलं नाही. पैसे मोजून आणले होते.

परवान्याशिवाय निघालेला भिक्षू

शिआनमध्ये मातीचे सैनिक बघायला सगळेच जातात. १९७४ साली दुष्काळात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. हे ऐकून आमचे शेतकरी मित्र फार वेळ गप्प होते. मग एक जण म्हणाला, “आम्ही तीनशे फूट गेलो तरी धूळच. यांना पाणी शोधताना फौज लागली.”

पण शिआनमधली मराठी माणसाने थांबून बघावी अशी जागा दुसरी आहे. महाहंस पॅगोडा, सात मजली, विटांचा. इसवी सन ६५२ मध्ये तो बांधला गेला तो युआन श्वांगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव ह्युएनत्संग असं असायचं. समोर त्याचा पुतळा आहे. आमच्या चिनी वाटाड्याने त्याची गोष्ट सांगितली : भारतात गेला, नालंदात शिकला, ६५७ ग्रंथ घेऊन ६४५ मध्ये परत आला. गोष्ट बरोबर होती. फक्त त्यात आम्ही नव्हतो.

युआन श्वांग महाराष्ट्रात आला होता. साधारण ६४१ च्या सुमाराला. परत गेल्यावर ६४६ मध्ये त्याने सम्राटासाठी जो वृत्तान्त सिद्ध केला त्यात ‘मो-हो-ला-च’ या देशावर एक प्रकरण आहे. जमीन सुपीक, हवा उष्ण. माणसं उंच, साधी, पण मानी. उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ, अपमान करणाऱ्याचा सूड घेणारी. अडचणीत सापडलेल्याने मदत मागितली तर स्वतःला विसरून धावणारी. सूड घ्यायचा असला तरी आधी शत्रूला सावध करणारी. राजाचं नाव तो पुलकेशी असं देतो आणि सांगतो की उत्तरेचा हर्ष सगळीकडे जिंकला, पण या लोकांपुढे त्याचं काही चाललं नाही. राजाच्या पदरी शेकडो हत्ती होते आणि लढाईआधी त्यांना मद्य पाजून उन्मत्त करत, असंही त्याने नोंदवलं आहे.

ही बाहेरच्या माणसाची साक्ष आतल्या पुराव्याशी जुळते. ऐहोळेचा रविकीर्तीचा शिलालेख ६३४ चा. त्यात पुलकेशीला नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटलं आहे, आणि हर्षाचा हर्ष रणात मावळला अशा अर्थाची कोटी केली आहे. एक स्तुती करणारा दरबारी कवी आणि एक परदेशी भिक्षू, दोघेही हर्षाच्या माघारीबद्दल एकच सांगतात. युआन श्वांग पुलकेशीच्या वैभवाच्या अगदी शेवटी आला. त्यानंतर वर्षभरातच, ६४२ मध्ये, पल्लवांनी बदामी घेतली आणि पुलकेशीचा अंत झाला.

याच प्रकरणात पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन आहे. दरीत, कड्यात कोरलेला, प्रवेशाशी दगडी हत्ती. तो विहार म्हणजे अजिंठा असं बहुतेक अभ्यासक मानतात. लेणं १६ कडे चढणाऱ्या पायऱ्यांशी ते दोन हत्ती आजही उभे आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठा ‘शोधून काढला’ असं आपण शिकतो. त्याच्या जवळजवळ बाराशे वर्षं आधी एका चिनी माणसाने ही जागा लिहून ठेवली होती. आणि आपल्याला त्याचं लिहिणं कळलं ते कसं? एकोणिसाव्या शतकात आधी स्तानिस्लास ज्युलियँच्या फ्रेंच भाषांतरातून आणि १८८४ मध्ये सॅम्युएल बीलच्या इंग्रजीतून. सातव्या शतकातला महाराष्ट्र आपल्याला चीनकडून पॅरिस आणि लंडनमार्गे परत मिळाला.

आणखी एक गोष्ट. युआन श्वांग निघाला तेव्हा तांग साम्राज्याची सीमा ओलांडायला बंदी होती. तो परवान्याशिवाय, लपूनछपून निघाला. आम्ही दहा जण गटाच्या व्हिसावर होतो. नावांची एक यादी, त्याच क्रमाने आत जायचं, त्याच क्रमाने बाहेर यायचं, मध्ये कुणी वेगळं व्हायचं नाही. या अटीमुळे व्हिसा स्वस्त पडतो. तिची किंमत काय असते ते आम्हाला बीजिंगहून शिआनला येतानाच कळलं होतं.

शिजियाझुआंग

बीजिंगहून शिआनला जाणारी वेगवान रेल्वे साधारण बाराशे किलोमीटरचं अंतर पाच-सहा तासांत कापते. पहिलं मोठं स्टेशन शिजियाझुआंग. सव्वा तासात येतं. गाडी तिथे दोन-तीन मिनिटं थांबते. त्या शहरात, उत्तर चीनच्या हुतात्मा स्मारकात, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीसांची समाधी आहे.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने वर्गणी काढून पाच डॉक्टरांचं पथक उभं राहिलं. प्रमुख डॉ. अटल, जे आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. त्यांच्यासोबत नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सगळ्यांत तरुणांपैकी एक कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोट निघाली. लोकांच्या वर्गणीतून चीनला गेलेला हा एक गटच होता, फक्त तो बघायला नाही, उपयोगी पडायला गेला होता.

त्याच सप्टेंबरमध्ये आमच्याकडे काय चाललं होतं? बीड निजामाच्या राज्यात होतं आणि अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं. इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ पूर्णवेळ चळवळीत उतरले होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने त्या महिन्यात बंदी घातली आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. सोलापूर ब्रिटिश मुलखात, बीड निजामी मुलखात. एकाच रस्त्यावरच्या दोन गावांचं पारतंत्र्यसुद्धा वेगवेगळं होतं. असा स्वतःच गुलाम असलेला देश दुसऱ्या देशाच्या मदतीला डॉक्टर पाठवतो, ही गोष्ट आज वाचताना थांबायला लावते.

हे पथक कँटनला उतरलं, यांगत्से नदीने वर गेलं, आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचलं. चोळकर आणि मुखर्जी आजारपणामुळे लवकर परतले, पुढे अटलही. बसू १९४३ पर्यंत राहिले. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. उत्तर चीनच्या आघाडीवर, खेड्यापाड्यांतून हलत्या रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. चिनी भाषा शिकले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये काम करतानाच रक्तदोषाने वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये संचालक झाले. तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तोवर भारत स्वतंत्रही झाला नव्हता. चीनमध्ये पुढे त्यांचे पुतळे उभे राहिले, टपाल तिकिटं निघाली, आणि चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटण्याचा जवळजवळ शिरस्ताच पडला. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालं ते २०१२ मध्ये.

शिजियाझुआंग यायच्या आधी मी आमच्या सहलप्रमुखाला विचारलं होतं, इथे उतरून दुपारच्या गाडीने पुढे येता येईल का. त्याने शांतपणे समजावलं. यादी एक, तिकीट एक, शिआनला बस उभी. एकालाही उतरता येणार नाही, आणि दहाही उतरायचे तर मुक्काम, जेवण, गाडी सगळं नव्याने. त्याचं म्हणणं बरोबर होतं. गाडी थांबली. मी दारापर्यंत गेलो. फलाट स्वच्छ होता, लोक चढत-उतरत होते. आमचे दोन्ही गुरुजी आपण होऊन मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. डब्यातल्या चिनी माणसांना काही कळलं नाही. आमच्यातल्या एस.टी.च्या वाहकांनी एवढंच विचारलं, “सोलापूरचे होते का? मग आपलेच की.” दार बंद झालं.

यादीबाहेरचा इतिहास

पुढच्याच वर्षी सगळं बदललं. आधी साथ आली. मग जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान गेले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटाचं नाव तोवर ‘चीनची मंडळी’ होतं. एकाने ते रातोरात बदललं. दोघांनी भिंतीवरच्या चौकटीतला त्या चिनी तटबंदीवरचा फोटो उतरवला. कुणीतरी लिहिलं, तिकडे आपण पैसे खर्चून आलो याची लाज वाटते. मी त्यावर कोटणीसांची आठवण काढली, तर उत्तर आलं, “त्यांनी जीव दिला, त्यांच्या बदल्यात आपल्याला काय मिळालं?”

हा प्रश्न रागाचा होता, पण तो टाळण्यासारखा नाही. १९६२ ला हाच प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. माझं उत्तर असं, की कोटणीस सौदा करायला गेले नव्हते. ते ज्या चीनला गेले तो आक्रमणाखाली भरडलेला देश होता. पुढे त्या देशाच्या सत्तेने काय केलं याचा हिशेब त्या सत्तेकडे मागायचा, मागायलाच हवा. तो बत्तीस वर्षांच्या डॉक्टरच्या खात्यावर लिहिता येत नाही. तसंच जखमी शिपाई, ती परिचारिका, रस्त्यात भात वाढणारं खेडं यांच्याही खात्यावर नाही. युआन श्वांगने आपल्याबद्दल दोन गोष्टी एकाच ओळीत लिहिल्या होत्या : उपकार लक्षात ठेवतात, अपमान विसरत नाहीत. आपण दुसरी गोष्ट अभिमानाने सांगतो. पहिली तितकीच आपली आहे.

गटातली ती चर्चा कुठे पोचली नाही. अशा चर्चा पोचत नाहीत. पण काही महिन्यांनी, टाळेबंदी सैल झाल्यावर, त्याच प्रश्न विचारणाऱ्या मित्राने तुळजापूरहून पुढे गाडी काढली आणि सोलापुरात कोटणीसांचं घर बघून आला. तिथले फोटो त्याने गटावर टाकले, सोबत काही न लिहिता.

२०२५ मध्ये दोन्ही देशांतली थेट विमानं पुन्हा सुरू झाली आणि आमच्यातल्या काहींनी महिन्याचे पैसे पुन्हा बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. या वेळी रक्कम सहा हजार ठरली आहे. सर्वांत स्वस्त सहलीपेक्षा ती थोडी जास्त आहे. वरचे पैसे कशासाठी, याची नोंद वहीच्या पहिल्या पानावर गुरुजींनी आपल्या अक्षरात केली आहे : शिजियाझुआंग, एक मुक्काम.